पत्रकातली दुरुस्ती

आमच्या रसायन मंडळाचं पत्रक दर तीन महिन्यांनी निघायचं. एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, हिंदीत. कोण निवृत्त झालं, कोणाची मलाजखंडहून बदली झाली, कोणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, पुढच्या बैठकीत कोण कशावर बोलणार, अशा बातम्या असायच्या. मी सचिव होते, त्यामुळे त्या लिहायचं काम माझ्याकडे. एवढ्या वर्षांत मी शेकडो बातम्या लिहिल्या असतील. त्यांतल्या एकीबद्दलच मला सांगायचं आहे.

मंडळ बालाघाटचं, पण माणसं चहूकडची. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतले केमिस्ट, मँगनीजच्या खाणीतले केमिस्ट, कॉलेजचे प्राध्यापक, पाणी तपासणारे एक गृहस्थ आणि माझ्यासारखे उच्च माध्यमिक शाळेतले व्याख्याते. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बैठक व्हायची. मी लग्न होऊन गोंदियाकडून इथे आले तेव्हा त्या बैठकीला बसायला स्टुलं पुरत नसत. सचिव झाले तोवर अर्धी स्टुलं रिकामी राहू लागली होती. खाणींत यंत्रं आली होती. नमुना आत ठेवला की पडद्यावर आकडे दिसत. हाताने पृथक्करण करणारे एकेक करून निवृत्त झाले, आणि नवीन मुलांना रविवारी रायपूर-नागपूर गाठायची घाई असायची.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सर, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. सडपातळ, उंच, पांढरा हाफ शर्ट, खिशाला जांभळ्या डागांची नक्षी. मूळ तुमसरकडचे. बैठकीत सगळ्यांशी हिंदी बोलायचे, माझ्याशी मात्र घरची भाषा. मी नवीन असताना त्यांनी मला एकदा टायट्रेशन करताना पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तू तर ओतून राह्यली. थेंब सोडायचा असते."

मग त्यांनी मला ते शिकवलं. एम. एस्सी. होऊन आलेली मी, त्या दुपारी पहिल्यांदा टायट्रेशन शिकले असं म्हणायला हरकत नाही. वर ब्युरेटच्या उभ्या काचनळीत परमँगनेटचं जांभळं पाणी. खाली फ्लास्कमध्ये लोहाच्या क्षाराचं पाणी, दिसायला साधं. जांभळा थेंब पडतो आणि रंग नाहीसा होतो. पडतो, नाहीसा होतो. मग एक थेंब असा येतो की रंग जात नाही. अगदी फिका गुलाबी होऊन राहतो. तिथेच थांबायचं. एक थेंब अलीकडे चूक, एक थेंब पलीकडे चूक. सर म्हणायचे, "सगळ्यायचे हात थांबतात गडद गुलाबीवर. फिक्यावर थांबते तो केमिस्ट."

दर जानेवारीत मंडळ बारावीच्या मुलांसाठी टायट्रेशनची स्पर्धा घ्यायचं. परीक्षक सरच. ते प्रत्येक टेबलाजवळ जायचे, फ्लास्क उचलून पांढऱ्या फरशीवर धरून रंग पाहायचे, मग आकडा लिहून घ्यायचे. त्यांच्या निकालावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या शाळेतून मी एक मुलगी पाठवली होती. रामपायलीजवळच्या एका खेड्यातली. वडील वारासिवनीच्या राइस मिलमध्ये हमाली करायचे, ही बालाघाटच्या वसतिगृहात राहून शिकत होती. फार बोलायची नाही. पण तिच्या हाताला जे होतं ते शिकवून येत नाही. ब्युरेटची तोटी ती अशी फिरवायची की थेंब टोकाशी लोंबकळत राहायचा आणि ती तो अर्धाच फ्लास्कच्या काठाला टिपून घ्यायची. मी तिला हे दाखवलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "मले वाटलं का पूर्ण थेंब जास्त होईन."

स्पर्धेच्या दिवशी मी तिच्या टेबलापासून दोन हातांवर उभी होते. बाकी मुलांची घाई चालली होती, दोघांचे फ्लास्क तर सरबतासारखे लाल झाले होते. हिने शेवटचा अर्धा थेंब टिपला, फ्लास्क हलवला, आणि तो रंग आला. इतका फिका की नुसता पाण्यावर श्वास टाकल्यासारखा. इतका चांगला शेवट मी त्याआधी सरांच्या हातानेच झालेला पाहिला होता. तिने तोटी बंद केली आणि हात मागे घेतले.

सर आले. फ्लास्क उचलला, फरशीवर धरला, खिडकीकडे वळवला. पुन्हा फरशीवर धरला.

"झालं नाही अजून," ते म्हणाले. "टाक."

ती हळूच म्हणाली, "सर, झालं ना?"

"कुठं झालं? पांढरंच आहे. टाक, टाक."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी फ्लास्ककडे पाहत होते. फ्लास्क गुलाबी होता. मला तो स्वच्छ दिसत होता, आज डोळे मिटले तरी दिसतो. मला एवढंच म्हणायचं होतं, सर, झालं आहे. चार शब्दही नाहीत. मी ते म्हटले नाहीत. ती माझ्या शाळेची, मी बोलले तर बाकीचे शिक्षक काय म्हणतील, हे मनात आलं. सगळ्यांसमोर सरांना कसं टोकायचं, हेही आलं. आणि तेवढ्या वेळात तिने तोटी उघडली. एक थेंब, दुसरा, तिसरा. फ्लास्क गडद झाला.

"हां," सर म्हणाले, "आता झालं." आणि तो आकडा लिहून घेतला.

तिचा नंबर आला नाही. पहिलं बक्षीस खाण-वसाहतीतल्या एका मुलाला मिळालं, मी तशी बातमी पत्रकात लिहिली. परत येताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, "असं होते कधी कधी." ती म्हणाली, "हौ मॅडम."

पुढच्याच महिन्यात बोर्डाची प्रात्यक्षिकं झाली. बाहेरून परीक्षक आले होते. मी लांबून तिचं टेबल पाहत होते. ती फिका गुलाबी आल्यावर थांबलीच नाही. टाकत गेली. फ्लास्क पार जांभळा झाल्यावर तोटी बंद केली. गुण साधारण पडले.

जूनमध्ये ती दाखला न्यायला शाळेत आली. मी विचारलं, "बी. एस्सी.चा फॉर्म भरला?"

"नाही मॅडम. बी. ए. घेतलं, वारासिवनीले."

"काहून?"

ती ओशाळून हसली. "मले रंगच समजत नाही ना."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "असं काही नसते गं," आणि तेवढ्यात ऑफिसातल्या बाबूंनी तिला सहीला बोलावलं. ती सही करून, पाया पडून गेली. मी स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि हजेरीचं रजिस्टर उघडून उगाच बघत राहिले.

पुढचा डिसेंबर आला, स्पर्धेची तयारी सुरू झाली, आणि परीक्षक म्हणून सरांचं नाव पत्रकात टाकायची वेळ आली तेव्हा मात्र माझा हात चालेना. मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी उघडलं. सर अंगणात खुर्चीवर बसले होते, पेपर मांडीवर उघडा. तो उलटा होता.

मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या आणि मागोमाग मीही गेले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शुगरनं पडदा खराब केला डोळ्याचा. दोन वर्षं झाली. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगतलं, उशीर केला. कोणाले सांगू देत नाही. म्हणते, केमिस्टचे डोळे गेले म्हणजे काय राह्यलं."

मी बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मुलीचं नाव सांगितलं, टेबल सांगितलं, फ्लास्क सांगितला. बोर्डाचं प्रात्यक्षिक, दाखल्याचा दिवस, सगळं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"बाकी पोरांचं?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्यांचे गडदच होते, सर. ते तुमाले दिसले."

"म्हणजे तिचंच एक बरोबर होतं. म्हणूनच मले दिसलं नाही."

त्यांनी मांडीवरचा पेपर घडी करून खाली ठेवला.

"तुले दिसलंतं?"

"हौ सर."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमच्यासमोर कसं बोलावं…"

ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "माझी लाज राखली तू, बाई. अन् त्या पोरीचं काय राखलं?" आणि मग लगेच आवाज खाली आला. "तुले बोलून काय फायदा. मले माहीत होतं मले दिसत नाही. तरी मी तिथं उभा राह्यलो."

त्यांनी विचारलं, तिचं गाव कुठे आहे. मी म्हटलं, मी जाऊन येते. ते म्हणाले, नाही, मी येतो.

आम्ही बसने गेलो. त्यांनी माझा हात धरला नाही, सीटच्या पाठी चाचपत चढले. धान कापून झालं होतं, शेतांत तणसाचे, भाताच्या पेंढ्याचे ढीग होते. बसमध्ये ते एकदाच बोलले. "तिथं तू काही बोलू नको. चूक माझी आहे, मी बोलतो." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मी कबूल करते.

रामपायलीहून पुढे ऑटोने गेलो. घर विटांचं, समोर शेणाने सारवलेलं अंगण, ओसरीच्या कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती. मुलगी घरीच होती, आईबरोबर अंगणात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून गडबडली, आत जाऊन चटई घेऊन आली. वडील त्या दिवशी मिलमध्ये गेले नव्हते. ते म्हणाले, "म्याडम, तुमी? काही गलती झाली का पोरीची?"

सर बसले नाहीत. उभ्यानेच बोलले, आणि तिचा चेहरा नेमका कुठे आहे ते न कळल्यामुळे थोडं तिच्या बाजूला पाहत बोलले.

"गलती माझी झाली. पोरी, तुया फ्लास्कात रंग आलता. बरोबर आलता. मलेच दिसला नाही. माझे डोळे खराब आहे. तुले येत होतं, मले दिसत नोहतं."

तिच्या हातात सूप होतं. तिने ते खाली ठेवलं.

"मले दिसलंतं, सर," ती म्हणाली. "पन तुमी म्हटलं टाक, तं मले वाटलं तुमाले जास्त समजते."

तिची आई म्हणाली, "पोरगी बारावीत होती तवा मले इचारत राहे. आई, हा कोणता रंग? चुनरी घेऊन येई, फूल घेऊन येई. हा गुलाबी आहे का? आई, बरोबर पाहून सांग. मी म्हनो, पागल झाली का हे पोरगी."

सर तेव्हा खाली बसले. म्हणजे बसलेच, चटई कुठे आहे ते न पाहता, सारवलेल्या जमिनीवर. वडिलांनी धावत येऊन त्यांना धरलं. "अरे सर, तुमी इतक्या दूरून आले, हेच खूप झालं. पानी आन वं पोरी."

चहा झाला. निघताना आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "आता तिले सायन्स घेता येते का म्याडम?"

मी म्हटलं, "येते ना. येत्या वर्षी पहिल्या वर्षात पुन्हा नाव घालता येते. मी फॉर्म भरून देते."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "मे मंधी लग्न आहे तिचं. पोरगा चांगला आहे, तिरोड्याचा. बोलनं झालं." मुलगी सूप घेऊन आत गेली होती. ती परत बाहेर आली ती आम्हाला ऑटोपर्यंत सोडायला. सरांच्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

परतल्यावर सरांनी मला पत्रकासाठी मजकूर सांगितला. साधा होता. मागील वर्षीच्या स्पर्धेचा निकाल चुकीचा होता, परीक्षकाची दृष्टी अधू होती, प्रथम क्रमांक अमुक विद्यार्थिनीचा समजावा, परीक्षक क्षमा मागतो. खाली त्यांचं नाव.

बैठकीत मी तो वाचला तेव्हा सगळे अस्वस्थ झाले. कॉलेजचे प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, ये छापने की क्या ज़रूरत है? सर का इतने साल का नाम है." तांब्याच्या खाणीतले एक जण म्हणाले, मग आधीच्या वर्षांच्या निकालांचं काय, लोक विचारतील. सर त्या दिवशी आले नव्हते. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मजकूर छापला. त्या एका गोष्टीत तरी मी कोणाचं मन राखलं नाही.

लोकांनी विचारलंच. ज्याला बक्षीस मिळालं होतं त्या मुलाच्या वडिलांनी कॉलेजात जाऊन वाद घातला. कॉलेजने सांगितलं, यंदा प्रयोगशाळा देता येणार नाही. स्पर्धा त्या वर्षी झाली नाही आणि मग कधीच झाली नाही. मी नवं प्रमाणपत्र तयार केलं, सरांनी त्यावर सही केली. पेन रेघेवर कुठे टेकवायचं ते मी बोट ठेवून दाखवलं, तरी सही रेघ सोडून वर चढली. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. उत्तर आलं नाही.

ती मला एकदाच भेटली, दोन वर्षांनी, वारासिवनीच्या बसस्टँडवर. कडेवर मूल, हातात पिशवी. तिनेच हाक मारली. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मी म्हटलं, "त्या दिवशी तुझ्या घरी मी बोलले नाही. पण मलेही दिसलंतं. स्पर्धेत. मी पाहिलंतं रंग आला म्हणून."

"माहीत आहे, मॅडम," ती म्हणाली. "मी तुमच्याचकडे पाहून राह्यली होती ना तवा."

तिच्या आवाजात राग नव्हता. मुलाच्या नाकाला लागलेलं पुसत ती म्हणाली, "एक सांगू? तुमी दोघं घरी आले नसते तं बरं झालं असतं. तवा मले वाटे, आपल्याले येत नाही, सोडून देलं. आता माहीत आहे, आपल्याले येत होतं." मग तिची बस लागली. खिडकीतून तिने मुलाचा हात धरून मला टाटा करायला लावलं.

सर तोवर घराबाहेर पडत नव्हते. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं. मी जाऊन ती भेटल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, काय म्हणाली? काकू मागे उभ्या राहून मला नकोची मान हलवत होत्या. मी सांगितलं. जसं होतं तसं, शब्द न शब्द. सर ऐकून घेऊन म्हणाले, "खरं आहे तिचं." मग काकूंना म्हणाले, "बाईले चहा दे."

दिवाळीनंतर ते गेले. शुगर, मग किडनी, आठ दिवस दवाखान्यात. पुण्याहून मुलगा आला, दहावा-तेरावा करून आईला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

रविवारी मंडळाची शोकसभा ठेवली. आम्ही पाच जण होतो. प्राध्यापकांनी सरांच्या नावाची, त्यांच्या हातांची आठवण काढली, भरवेलीच्या खाणीत नमुना तपासायला दूरदूरचे लोक त्यांनाच मागायचे हे सांगितलं. दुरुस्तीचा विषय कोणी काढला नाही. दोन मिनिटं उभं राहून आम्ही स्टुलं जागेवर लावली. मी पत्रकात त्यांच्या निधनाची बातमी लिहिली. चार ओळींची झाली. त्यांनी मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली, ही पाचवी ओळ मी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि राहू दिली.

मंडळ बंद करायचं असं काही कोणी ठरवलं नाही. पुढच्या महिन्यात पहिला रविवार आला. मी निरोप पाठवला नाही, आणि बैठक आहे का म्हणून कोणी विचारलंही नाही.